बसायला कशी वाटते?

कारखान्यात तिला नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नव्हतं. मालकीणबाईंपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला मीडियम म्हणायचे. त्याला कारणही तसंच होतं. तिथं बायकांच्या पँटी शिवल्या जायच्या, आणि मधल्या मापाची प्रत्येक नवी पँट आधी हिच्या अंगावर चढायची. हिची कंबर ती कारखान्याची कंबर, हिच्या पायांची लांबी ती कारखान्याची लांबी. बाकीची मापं हिच्यापासून खाली-वर मोजत काढायची. एरवी ती इतरांसारखीच मशीनवर बसून नमुने शिवायची, पण कटिंग मास्तरांची हाक आली की हातातलं काम टाकून खिडकीजवळच्या लाकडी खोक्यावर जाऊन उभी राहायची. तेवढा वेळ सगळ्यांनी तिच्याकडे बघायचं. तिला ते आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

मास्तर वयानं तिच्या वडिलांएवढे. तोंडात टाचण्या, कानामागे खडू, आणि स्वभाव असा की नाकावर माशी बसू द्यायचे नाहीत. त्यांचे दोन नियम होते. पहिला, टाचणी कापडाला लावायची, बोट माणसाला लावायचं नाही. कुठं चुणी दाबायची झाली तर लाकडी पट्टीनं दाबायचे. दुसरा नियम उठबशीचा. उभ्यानं काय, कुणाचीही पँट झकास दिसते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नमुना अंगावर बेतून झाला की ते एक बुटकं स्टूल पुढं सरकवायचे. तिनं त्यावर बसायचं, वाकायचं, उठायचं, पुन्हा बसायचं. मग मास्तर तोंडातल्या टाचण्या हातात घेऊन विचारायचे, "बसायला कशी वाटते?"

ती जे सांगेल ते शेवटचं. ती म्हणाली काचते, की टाचण्या निघाल्याच. एकदा गिऱ्हाइकाचा माणूस दारात ताटकळत उभा होता, मालकीणबाई घायकुतीला आल्या होत्या, आणि हिनं तीनदा काचते म्हटलं. मास्तरांनी तिन्ही वेळा उसवलं. चौथ्यांदा ती बरी आहे म्हणाली तेव्हा कुठं कापड टेबलावर गेलं. तिचा शब्द मास्तर कधी पट्टीनं तपासून बघायचे नाहीत.

दिवस गेले तेव्हा तिला आधी आनंद झाला आणि लगेच दुसरी काळजी लागली. पोट सुटणार, म्हणजे खोकं सुटणार. पण झालं भलतंच. मास्तरांच्या मनात कितीतरी वर्षांपासून गरोदर बायकांसाठी पँट शिवायचं होतं, आणि बेतायला अंग मिळत नव्हतं. आता घरचंच अंग मिळालं! त्यांनी मालकीणबाईंच्या मागे लागून ऑर्डर आणवली, आणि पोट जसजसं वाढत गेलं तसतशी तिला खोक्यावर चढवली. सगळ्या कारखान्याचं लक्ष त्या पोटावर. आज वर आलंय, आज खाली उतरलंय, आज डावीकडे झुकलंय. स्वतःच्या घरी तिच्याकडे कुणी एवढं बघत नसेल.

शेवटच्या महिन्यांत एक गंमत दिसायला लागली. स्टुलावरून उठताना तिच्या पोटावर मधोमध, छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत, एक लांबट उंचवटा उभा राहायचा, तंबूच्या कापडाखाली बांबू सारावा तसा. ती उभी राहिली की गायब. पहिल्यांदा तो बटणवालीनं पाहिला. बटणवाली हिच्या शेजारच्या मशीनवर बटणं लावायची आणि हिची जिवाभावाची मैत्रीण होती.

"अगं, पोरानं पाठ वर काढली बघ!" ती ओरडली.

"पाठ कसली, पाय आहे तो," इस्त्रीवाला म्हणाला. "एवढा लांब पाय म्हणजे मुलगाच."

त्यावरून पैजा लागल्या. तिला पुन्हा पुन्हा बसायला लावून उठवलं, आणि तीही हौसेनं बसली-उठली. दरवेळी उंचवटा यायचा, दरवेळी हशा पिकायचा. मास्तर मात्र हसले नाहीत. ते बराच वेळ डोकं तिरकं करून बघत राहिले. त्यांनी पँटीच्या पोटावरची मधली शिवण काढून टाकली, ती दोन्ही बाजूंना सरकवली आणि मध्ये मऊ ताणाचं कापड घातलं. "बाळाला वर यायला जागा नको का?" असं म्हणाले. त्या पँटी हातोहात खपल्या. मास्तर येईल त्याला सांगायचे, "ही बाळाला विचारून शिवलीय."

मुलगी झाली. गुटगुटीत, आवाजाची खणखणीत. सगळं सुखरूप झालं. तिच्या नवऱ्यानं घरांना रंग द्यायचं काम दोन दिवस बंद ठेवलं एवढीच काय ती चैन. सासूबाईंनी घराचा ताबा घेतला. ती आडवी पडून बाळाकडे बघत राहायची आणि मनातल्या मनात खोक्यावर परत चढायची.

मग एका दुपारी बाळ पाळण्यात रडलं. ती उताणी झोपलेली, दचकून सरळ उठायला गेली, झगा वर सरकलेला, आणि तिची नजर पोटावर पडली. मधोमध तोच उंचवटा. छातीपासून बेंबीपर्यंत, तसाच्या तसा.

बाळ पाळण्यात होतं. तिनं पाळण्याकडे बघितलं, पोटाकडे बघितलं. मग हे काय आहे?

तिच्या तोंडचं पाणी पळालं. बाळाला घेतलं, पाजलं, निजवलं, आणि पुन्हा पलंगावर पडून मान उचलून बघितलं. आलाच तो. मान खाली टेकली की गेला. तिनं बेंबीच्या वर बोट ठेवून दाबलं. बोट मऊ कशात तरी रुतावं तसं आत गेलं, त्याला अडवणारं काही लागेना. दोन्ही बाजूंना कडा हाताला लागत होत्या, मध्ये नुसतं पोकळ. तिनं झटकन हात काढून घेतला.

शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मनात दुसरं काय येणार? उसवलं. मधली शिवण आतून उसवली आणि आता ती तशीच उसवत जाणार. हसत हसत स्टुलावर कितीदा बसलो-उठलो ते तिला आठवलं. पैजा लावत होते सगळे, आणि आपण तमाशा दाखवत होतो. त्या दिवसापासून तिला चैन पडेना. भांडी विसळता विसळता मध्येच खोलीत जायची, दार लोटायची, आडवी पडून मान उचलायची. दिवसातून किती वेळा, कुणास ठाऊक. आपण बघितलं नाही तर ते वाढेल असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं होतं. पाठ दुखायची, शिंक आली की थोडं कपड्यात व्हायचं. तेही ती कुणाला सांगेना.

"काय गं, सारखी आत-बाहेर काय चाललंय तुझं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही हो आई. पाठ टेकते जरा."

नवऱ्याला तिनं अर्धंच सांगितलं. पोट आत जात नाही, एवढंच. तो बिचारा उत्साही माणूस. भिंतीला पोपडे आले की खरवडायचे आणि जोर लावून घासायचं, एवढाच उपाय त्याला ठाऊक. "व्यायाम कर," तो म्हणाला. तिला जमिनीवर उताणं झोपवून त्यानं तिचे पाय घट्ट धरले आणि मोठमोठ्यानं मोजायला लागला. ती श्वास रोखून, दात-ओठ खाऊन उठायची. प्रत्येक वेळी तो उंचवटा तिच्या नाकासमोर उभा. नवरा मोजण्यात दंग. ती मात्र दरवेळी उंचवटा तेवढाच आहे की वाढला, हे बघत होती.

अशात बटणवाली बाळाला बघायला आली. बाळाचे गाल ओढून झाले, मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला म्हणून सांगते. मालकीणबाईंनी पुतळा आणलाय."

"कसला पुतळा?"

"कपडे बेतायचा. डोकं नाही, हात नाहीत, नुसतं धड आणि पाय. आम्ही तिला मावशी म्हणतो. मालकीणबाई सगळ्यांना ऐकवतात, मावशी चहा मागत नाही, सुट्टी मागत नाही, बाळंतही होत नाही. बसच्या कंपनीची मोठी ऑर्डर आलीय. ड्रायव्हर बायकांच्या पँटी. पहिला नमुना पुढच्या आठवड्यात बेतायचा. तू आलीस तर तुझ्यावर, नाहीतर मावशीवर."

नाहीतर काय होणार, ते बटणवालीला सांगावं लागलं नाही. एकदा मावशी खोक्यावर चढली की मग कुणाला खाली उतरवायची गरजच उरणार नव्हती. ही आपली मशीनवर बसणार, आणि तिला मीडियम म्हणायचं तरी कशाला?

मैत्रीण गेल्याबरोबर तिनं घरचं मशीन उघडलं. जाड इलॅस्टिक, दुहेरी कॅनव्हास, मध्ये उभ्या प्लास्टिकच्या पट्ट्या, मागे हुकांची रांग. असा कमरपट्टा तिनं जन्मात शिवला नव्हता. शिवण बघून मास्तरांनीही मान डोलावली असती. तो पट्टा आवळला की पोट सपाट. श्वास अर्धाच जायचा, जेवण घशाशी यायचं, पण पोट सपाट. तिच्या जिवात जीव आला.

दोनच दिवसांनी बाळाची लस होती. दवाखान्यात नर्सबाईंनी बाळाला टोचलं, आणि ही खुर्चीतून उठताना हात पाठीवर ठेवून कण्हली ते त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांनी तिला शेजारच्या खोलीत व्यायामाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. हिनं आधी बाथरूममध्ये जाऊन पट्टा काढला आणि पिशवीत, बाळाच्या दुपट्यांखाली, दडवला.

डॉक्टरीणबाईंनी तिला उताणं झोपवलं, गुडघे दुमडायला लावले, मान थोडी उचलायला सांगितली आणि बेंबीच्या वर आडवी बोटं ठेवली. तिनं डोळे मिटून घेतले. आता ऑपरेशन सांगणार, ही तिची खात्रीच होती.

"तीन बोटं अंतर आहे," बाई शांतपणे म्हणाल्या. "घाबरलात का? काही फाटलेलं नाही. ताणलंय."

मग त्यांनी तिच्याच पोटावर हात फिरवून समजावलं. पोटाच्या पुढच्या बाजूला स्नायूंचे दोन लांब पट्टे असतात, वर फासळ्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत. मध्ये त्यांना जोडणारी एक पातळ पट्टी. बाळ वाढतं तशी जागा लागते, मग ती मधली पट्टी ताणून रुंद आणि विरविरीत होते आणि दोन्ही स्नायू बाजूला सरकतात. शेवटच्या महिन्यांत बहुतेक सगळ्याच बायकांचं असं होतं. बाळ झाल्यावर ते हळूहळू जवळ येतात, कुणाचे लवकर, कुणाचे उशिरा. तोवर सरळ उठताना आतला दाब मधल्या पट्टीवर येतो आणि ती वर फुगते.

"म्हणजे तेव्हाही... ते बाळ नव्हतं?" तिनं विचारलं.

"कोण बाळ नव्हतं?" बाईंना काही कळेना.

ती हसायला लागली आणि हसता हसता तिला रडू आलं. इतके दिवस छातीत धरून ठेवलेली भीती एकदम सुटली होती. बाईंनी तिला रडू दिलं, पाणी दिलं. तिनं पाठीचं, शिंकेचं सगळं सांगून टाकलं, आणि मग बाईंनी एकेक समजावलं. ते पाय धरून उठायचे व्यायाम आधी बंद. उठताना सरळ उठायचं नाही, कुशीवर वळायचं, हाताचा आधार घ्यायचा. जोर लावताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा. श्वास सोडत ओटीपोट हलकेच आत घ्यायचं, खालचे स्नायू आवळायचे, रोज थोडं थोडं.

"आणि पट्टा?" तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं.

"हलका आधार हवा तर घ्या. करकचून आवळू नका. दाब कुठं तरी जाणारच ना? तो खाली जातो. शिंकताना थेंब येतात म्हणालात, ते वाढेल."

"किती दिवसांत भरून येईल?"

"दिवस नाही हो, महिने म्हणा. आणि थोडं अंतर काहींचं राहतंच. राहू दे. तिथं बळ आलं म्हणजे झालं."

आता शहाण्या बाईनं काय करावं? पट्टा कचऱ्यात टाकावा, घरी बसावं, कुशीवर वळून उठावं. पण तिच्यापुढं महिने नव्हते, पुढचा आठवडा होता. नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं, पाय धरणं बंद केलं, श्वासाचे व्यायाम मनापासून सुरू केले, आणि पट्टा मात्र हुकांची जागा थोडी आत घेऊन पुन्हा शिवला. एकदाच, फक्त बेतायच्या दिवशी, असं तिनं स्वतःला बजावलं.

त्या दिवशी बाळाला सासूबाईंकडे देऊन ती कारखान्यात गेली. दारातच गलका झाला. मावशी खोक्याशेजारी उभी होती, बिनडोक, गुळगुळीत पोटाची. मालकीणबाईंनी खिळ्यावरची जुनी पँट काढून हिच्या हातात दिली. ही पँट काही वर्षांपूर्वी हिच्यावर बेतलेली, मधल्या मापाचा अस्सल नमुना. "आधी ही घालून ये," त्या म्हणाल्या. "बसली तर बघू."

पँट बसली. बटण लागलं. बटणवालीनं टाळ्या वाजवल्या, इस्त्रीवाल्यानं शीळ घातली, मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. मास्तरांनी काही न बोलता मावशीला उचलून कोपऱ्यात ठेवलं. ती खोक्यावर चढली. इतके महिने जिथं मनानं चढत होती तिथं उभी राहिली, आणि तिला वाटलं होतं तितका आनंद काही झाला नाही. पट्ट्याची एक पट्टी फासळीत रुतत होती. श्वास पुरत नव्हता.

मास्तरांनी नवा नमुना तिच्यावर चढवला. टाचण्या लावल्या, खडूनं खुणा केल्या, पोटावरची एक चुणी लाकडी पट्टीनं दाबली. पट्टी कडक कॅनव्हासवर आपटून टक्क वाजली. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा काम सुरू केलं. बोट लावायचं नाही, हा त्यांचा नियम. मग स्टूल पुढं आलं. ती बसली. उठली. पुन्हा बसली. पोट सपाटच राहिलं, नजरेला सगळं ठीक दिसत होतं. टेबलावर कापडाचे थर मांडून कापणारे वाट बघत उभे होते.

मास्तरांनी तोंडातल्या टाचण्या हातात घेतल्या. "बसायला कशी वाटते?"

बरी आहे, एवढंच म्हणायचं होतं. दोन शब्द. ते तिच्या जिभेवर आलेही. पण तिला कळलंच नव्हतं ती पँट बसायला कशी वाटते ते. पट्ट्यापलीकडचं तिला काही जाणवतच नव्हतं. आणि हा म्हातारा, जो मालकीणबाईंच्या शब्दावर कात्री चालवत नाही, तो हिच्या त्या दोन शब्दांवर सगळं कापड कापणार होता. मग त्या ड्रायव्हर बायका दिवसभर त्यात बसणार. तिला आपली लाज वाटली, सरळ सरळ लाज वाटली.

"मला सांगता येत नाही, मास्तर," ती म्हणाली. "मी आत पट्टा बांधलाय."

ती आडोशाला गेली, हुक काढले, पोटभर श्वास घेतला आणि तीच पँट घालून परत आली. आता बटण लागेना, ते तिनं तसंच धरलं. स्टुलावर बसली, आणि यावेळी मुद्दाम सरळ उठली. कापडाखाली तो उंचवटा उभा राहिला.

"हे काय?" मालकीणबाई मागे सरकल्या.

मास्तरांचे डोळे बारीक झाले. त्यांनी तो ओळखला. "हे तर... बाळ होतं ना?"

"नव्हतं, मास्तर. माझंच पोट होतं ते. मधून ताणलेलं." डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिनं जमेल तसं सांगितलं. बटणवालीनं तोंडावर हात ठेवला. मास्तर खाली स्टुलावरच बसले.

"म्हणजे मी त्या शिवणी सरकवल्या..."

"बाळासाठी नाही. माझ्यासाठीच होती ती जागा."

मालकीणबाईंनी तेवढ्यात निकाल देऊन टाकला. "झालं तर मग. कोपऱ्यातून मावशीला आणा. तिच्यावर बेता."

"आणतो," मास्तर म्हणाले आणि उठले. त्यांनी मावशीला आणून स्टुलासमोर उभं केलं. "हं. हिला आधी बसायला सांगा."

इस्त्रीवाला फस्सकन हसला.

शेवटी जे ठरलं ते तिच्या मनासारखं झालं नाही, ते लपवण्यात अर्थ नाही. लांबी, घेर, नितंब, सगळी उभ्याची मापं मावशीवर गेली. मावशीच्या गळ्यात M लिहिलेली चिठ्ठीही लागली. खोक्यावर आता मावशीच उभी असते. पण उभ्याचं झालं की मास्तर तो नमुना मावशीच्या अंगावरून उतरवतात, स्टूल सरकवतात आणि मशीनांच्या आवाजावरून ओरडतात, "मीडियम!"

त्या दिवशीही ओरडले. ती पट्ट्याशिवाय पँट घालून आली, बसली. उठताना घाई केली नाही. जरा बाजूला वळली, एक हात स्टुलावर टेकला, श्वास सोडला, मग उठली. कापणारे थांबले होते, मालकीणबाई घड्याळ बघत होत्या. तिनं ते बघितलं आणि पुन्हा एकदा बसून बघितलं.

"बसायला कशी वाटते?" मास्तरांनी विचारलं.

"पोटावर काचते," ती म्हणाली.

मास्तरांनी पुढच्या सगळ्या टाचण्या काढल्या आणि पुन्हा लावायला घेतल्या.